डॉ. गार्सिया द ओर्ता आणि ग्रीकांची पुस्तके



दृढीकरण संस्काराच्या वर्गात एका मुलाने आम्हांला पेचात टाकले. आधुनिक विज्ञानाने ग्रीक तत्त्वज्ञानाशी फारकत घेतली आणि मगच ते पुढे गेले, असे त्याने कुठेतरी वाचले होते. ही फारकत कुठे झाली, कोणी केली आणि त्या वेळी आपली ख्रिस्तसभा कोणत्या बाजूला उभी होती, असे त्याचे तीन प्रश्न. आम्ही सवयीने कोपर्निकस, गॅलिलिओ अशी नावे सांगितली. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. आमचेही झाले नव्हते. सगळी नावे युरोपातली. आपल्या किनाऱ्याचा त्यात काहीच वाटा नाही की काय?

वाटा आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. पनवेलच्या खाडीतून निघालेली होडी पूर्वी उरण आणि घारापुरी बाजूला टाकून मुंबई बेटाला लागत असे. ते मुंबई बेट सोळाव्या शतकात काही वर्षे एका पोर्तुगीज वैद्याकडे खंडाने होते. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. त्याने १५६३ साली गोव्यात एक पुस्तक छापले आणि मिरी, दालचिनी, चिंच, हिंग अशा आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या जिनसांच्या आधारे दीड हजार वर्षांच्या ग्रीक पंडितांना चुकीचे ठरवले. आज त्याची कथा सांगण्याचा विचार आहे. ती सगळी सुखाची नाही, आणि तिचा शेवट आपल्या ख्रिस्तसभेच्या दारात येऊन थांबतो. म्हणून ती आमच्याकडून सांगितली जावी, असे वाटले.

आधी ग्रीकांविषयी दोन शब्द. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो ते अॅरिस्टॉटलच्या बोटाला धरून. त्यामुळे ग्रीकांना कोणी मूर्ख म्हटले की आम्हांला राग येतो. अॅरिस्टॉटल समुद्रकाठी बसून मासे चिरून पाहत असे. डायोस्कोरिडीस हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वैद्य देशोदेशी हिंडला आणि त्याने औषधी वनस्पतींवर पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या शतकातला गॅलेन रोमच्या सम्राटांचा वैद्य होता. त्याने माकडे आणि डुकरे चिरून शरीररचनेचा अभ्यास केला. ही माणसे डोळे उघडे ठेवून जगली. खोट नंतर आली. त्यांनी पाहिलेले लिहून ठेवले आणि पुढच्या पिढ्यांनी पाहणे सोडून लिहिलेलेच पाठ केले. विद्यापीठात प्राध्यापक गॅलेनचा उतारा वाचायचा, त्यावर भाष्य करायचा आणि भाष्यावर वाद व्हायचा. रोग्याचे लक्षण पुस्तकाशी जुळले नाही, तर बहुधा रोगीच चुकीचा ठरत असे.

ह्या वैद्यकाच्या मुळाशी एक तत्त्वज्ञान होते. सृष्टी चार तत्त्वांची, शरीर चार रसांचे, आणि प्रत्येक पदार्थ उष्ण किंवा थंड, कोरडा किंवा ओला. आपल्या घरात आजी पपई उष्ण आणि काकडी थंड असे सांगते, त्याच जातीचा हा विचार, फक्त फार पद्धतशीर मांडलेला. हाच विचार अरबांनी उचलला. इब्न सिना, म्हणजे युरोपचा अॅव्हिसेना, ह्याने तो अधिक नेटका केला. आपल्याकडे हकिमांच्या वैद्यकाला आजही युनानी म्हणतात. युनान म्हणजे ग्रीस, हे आपण विसरून गेलो आहोत. म्हणजे सोळाव्या शतकात सालामांकाच्या विद्यापीठात आणि अहमदनगरच्या निजामशाही दरबारात एकाच गॅलेनचे राज्य चालू होते.

गार्सियाचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विद ह्या सरहद्दीवरच्या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर काढले, तेव्हा हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने त्यांना बळाने बाप्तिस्मा देवविला. ह्या माणसांना नवख्रिस्ती म्हणत. ते मिस्सेला येत, पण शेजारपाजाऱ्यांची नजर त्यांच्या चुलीवर असे. शनिवारी धूर निघतो का, डुकराचे मांस खातात का, यावर त्यांची श्रद्धा मोजली जाई. गार्सिया अशा घरात वाढला. कोणत्या गोष्टी मोठ्याने बोलायच्या आणि कोणत्या नाही, हे त्याला अक्षरओळखीबरोबरच शिकावे लागले असणार.

मुलगा हुशार होता. त्याला सालामांका आणि आल्काला द एनारेस ह्या स्पेनमधील नामांकित विद्यापीठांत पाठवले गेले. तेथे तत्त्वज्ञान आणि वैद्यक शिकून तो परतला. काही दिवस गावी वैद्यकी केली, मग लिस्बन गाठले. १५३० च्या सुमारास तो लिस्बन विद्यापीठात निसर्ग-तत्त्वज्ञान शिकवू लागला. निसर्ग-तत्त्वज्ञान म्हणजे त्या काळी दुसरे तिसरे काही नव्हते, अॅरिस्टॉटलच. ग्रीकांशी भांडणारा हा माणूस ग्रीकांचा अडाणी टीकाकार नव्हता. त्याने पोटापाण्यासाठी ग्रीक विद्या शिकवली होती.

१२ मार्च १५३४ रोजी तो मार्तिम आफोंसो द सोझा ह्या सरदाराच्या आरमाराबरोबर वैद्य म्हणून लिस्बनहून निघाला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. चांगली नोकरी सोडून तो एवढ्या लांब का आला? औषधी वनस्पती पाहण्याची ओढ होती, हे खरे. पण दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायपीठ सुरू झाले. ते येणार अशी कुजबुज आधीपासून होती. दोन्ही कारणे एकाच पेटीत भरून तो जहाजावर चढला असावा, असे आम्हांला वाटते.

पहिली काही वर्षे तो सोझाच्या मोहिमांबरोबर हिंडला. दीव पाहिले, वसई पाहिली, मलबार आणि सिलोनपर्यंत गेला. मग गोव्यात घर केले. व्हाइसरॉयपासून सामान्य सैनिकापर्यंत सर्वांना तो औषध देई. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची मैत्री जमली. तो त्याच्या दरबारात वैद्य म्हणून जाई आणि तेथल्या हकिमांशी बसून वनस्पतींची अरबी, फारसी आणि देशी नावे पडताळून घेई. हिंदू वैद्यांशीही त्याची ऊठबस होती. आपल्या औषधाने गुण आला नाही, तर त्यांचे औषध देऊन पाहतो, हे तो लपवत नाही. त्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, असा शेराही मारतो. तो काही संत नव्हता. घरात गुलाम होते. मसाल्याच्या आणि रत्नांच्या व्यापारात त्याचे हात गुंतलेले होते. पोर्तुगीजांच्या पराक्रमाचा त्याला भारी अभिमान होता.

१५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला कायमच्या खंडाने मिळाले. आज जेथे नौदलाचा आंग्रे तळ आहे, तेथे त्याचा वाडा होता असे मानतात. ह्या बेटावरच्या आपल्या एका आंब्याच्या झाडाचे त्याला फार कौतुक. ते वर्षातून दोनदा फळे. पुढे इंग्रजांनी कापसावर आणि अफूवर उभे केलेल्या ह्या शहराचा एके काळचा खंडकरी आपल्या पुस्तकात मुंबईविषयी सांगतो ते आंब्याचे झाड! आम्हांला त्याबद्दल तो आवडतो.

आता त्या पुस्तकाकडे येऊ. छापखाना गोव्यात आला १५५६ मध्ये. तो खरे तर अॅबिसिनियाला जायचा होता, येशूसंघीयांबरोबर आला आणि गोव्यातच राहिला. त्यानंतर सातच वर्षांनी, १० एप्रिल १५६३ रोजी, ओर्ताचे पुस्तक छापून झाले. भारतातील वनस्पती आणि औषधे यांच्यावरचे संवाद, असा त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ. छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्रच वीसेक पानांचे झाले. लुईस द कामोंइश हा पोर्तुगालचा महाकवी तेव्हा गोव्यात हलाखीत दिवस काढत होता. त्याची छापून आलेली पहिली कविता ह्याच पुस्तकात आहे. पुस्तक लॅटिनमध्ये नाही, पोर्तुगीजमध्ये आहे. लॅटिन वाचणारे पंडित लिस्बनला होते. मिरी विकत घेणारे व्यापारी आणि जहाजावरचे वैद्य पोर्तुगीज वाचत.

पुस्तकात दोन पात्रे प्रमुख आहेत. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो, सालामांकाहून नुकताच आलेला विद्वान वैद्य. हा रुआनो काल्पनिक आहे. तो प्रत्येक वनस्पतीबद्दल डायोस्कोरिडीस काय म्हणतो, गॅलेन काय म्हणतो, प्लिनी काय म्हणतो हे घडाघडा सांगतो. ओर्ता ऐकून घेतो आणि मोलकरणीला हाक मारून बागेतून किंवा कोठारातून ती वस्तूच आणायला सांगतो. ती वस्तू समोर आली की रुआनोची अडचण होते. अभ्यासक म्हणतात की रुआनो हा ओर्ताचाच तरुणपणचा अवतार आहे. आम्हांलाही तसेच वाटते. लिस्बनच्या वर्गात अॅरिस्टॉटल शिकवणारा प्राध्यापक गोव्याच्या अंगणात येऊन बसला आहे आणि तीस वर्षे भारतात काढलेला म्हातारा वैद्य त्याची शिकवणी घेत आहे.

मिरीचेच पाहा. काळी मिरी, पांढरी मिरी आणि पिंपळी ही तिन्ही एकाच झाडाची, फक्त कमीअधिक पिकलेली फळे, अशी ग्रीकांची समजूत. बिचाऱ्या डायोस्कोरिडीसने मिरीचा वेल जन्मात पाहिला नव्हता. त्याच्यापर्यंत पोहोचे तो वाळलेला माल, अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून गेलेला. ओर्ता सांगतो की मिरी मलबारात होते, तिचा वेल दुसऱ्या झाडावर चढतो आणि फळे द्राक्षांसारखी घोसाने लागतात. पिंपळी बंगालकडे होते आणि ती वेगळीच वनस्पती आहे. इथवर तो बरोबर. पण काळी आणि पांढरी मिरी यांचेही वेल वेगळे असतात, असे त्याने पुढे लिहिले, आणि तेथे तो चुकला. पांढरी मिरी म्हणजे पिकलेल्या मिरीचे वरचे साल काढलेला दाणा, हे आज कोकणात ज्याच्या परसात मिरीचा वेल आहे तोही सांगेल. ही चूक आम्ही मुद्दाम सांगतो. ग्रीकांच्या जागी ओर्ताला बसवून त्याचे पाठांतर सुरू करायचे, हे त्यालाच पटले नसते.

दालचिनीची कथा तर मुलांना सांगावी अशी आहे. हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले होते की मोठाले पक्षी दालचिनीच्या काड्या आणून उंच कड्यांवर घरटी बांधतात. अरब लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात, वजनाने घरटे कोसळते आणि दालचिनी गोळा होते. माल महाग विकायचा असेल तर अशी कथा फार उपयोगी! ओर्ताने दालचिनीचे झाड पाहिले होते. ते झाड आहे, त्याची साल काढतात, सिलोनची उत्तम, मलबारची हलकी. बस्स. पक्षी नाहीत, कडे नाहीत.

चिंचेला अरबांनी हिंदी खजूर असे नाव दिले, म्हणून युरोपातले वैद्य ती खजुरीसारख्या झाडाला लागते असे समजत. ओर्ताने सांगितले की चिंचेचे झाड मोठे, शेंगा लागणारे, आणि नाव पडले ते चिंचोक्यांमुळे. हिंगाबद्दल तो लिहितो की भारतात इतकी सर्वत्र वापरली जाणारी दुसरी वस्तू नाही. वासाने तो हैराण होई, पण हिंग घातलेली भाजी खाऊन पाहिली ती बरी लागली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. हिंगाचे झाड मात्र आपण पाहिलेले नाही, असे तो सांगून टाकतो. जे पाहिले ते पाहिले, जे ऐकले ते ऐकले. हा भेद करणारे वाक्य लिहायला पुष्कळ धैर्य लागते. आम्ही प्रवचन करणारी माणसे आहोत, म्हणून अनुभवाने सांगतो.

आपल्या ओळखीची किती झाडे त्या पुस्तकात आहेत! फणस, जांभूळ, केळ, निंब. सांधे सुजले की शेकायला वापरतात ती निर्गुडी. तिचे आजचे शास्त्रीय नाव वायटेक्स नेगुंडो आहे, म्हणजे आपल्याच देशी नावाचे ते रूप. कोकमाचाही उल्लेख आहे. कोकमाच्या गार्सिनिया ह्या शास्त्रीय नावात गार्सियाचे नाव आहे, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. ते लोरां गार्सँ ह्या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आहे. प्राजक्ताला ओर्ता दुःखी झाड म्हणतो. सूर्यावर प्रेम करून फसलेल्या राजकन्येच्या राखेतून ते उगवले म्हणून सूर्य दिसताच फुले गाळते, ही आपल्याकडची कथाही त्याने टिपून ठेवली, आणि लगेच त्या फुलांच्या केशरी देठांचा स्वयंपाकात रंगासाठी उपयोग होतो हेही.

सर्वांत मोलाचे प्रकरण पटकीचे, म्हणजे कॉलराचे. १५४३ साली गोव्यात भयंकर साथ आली. इतकी माणसे मेली की लोक घाबरू नयेत म्हणून मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवणे गव्हर्नरने बंद करवले. ओर्ताने रोग्याची लक्षणे एकेक करून लिहिली: बुडत जाणारी नाडी, थंड घाम, खोल गेलेले डोळे, पायांतले गोळे, ओकारी आणि जुलाब, काही तासांत मृत्यू. रोगाचे नाव त्याने आपल्या लोकांच्या तोंडून घेतले. ते नाव मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचे मोरदेशी केले आणि फ्रेंचांनी पुढे त्याचे कुत्र्याचे मरण अशा अर्थाच्या शब्दात रूपांतर केले. ह्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले इतके नेमके पहिले वर्णन म्हणून जग आज ते पान वाचते. जून-जुलैत हा रोग वाढतो हे त्याने टिपले. पण कारण काय दिले? अती खाणे, शरीरातील रसांचा बिघाड. पाण्याकडे त्याचे लक्ष गेले नाही.

येथे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे आम्हांला वाटते. आम्ही समजत होतो की ग्रीकांशी फारकत म्हणजे एका दिवशी एका मोठ्या माणसाने एक मोठे तत्त्व उलथवले. तसे झाले नाही. ओर्ता ग्रीकांच्या प्रत्येक तपशिलाशी भांडला, पण त्यांची चौकट त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. प्रत्येक औषध उष्ण की थंड आणि कितव्या प्रतीचे, हे तो इमानेइतबारे लिहीत राहिला. चौकट इतरांनी मोडली, तीही सावकाश. १५४३ मध्ये, म्हणजे गोव्यात ती साथ आली त्याच वर्षी, वेसालियसने माणसाची प्रेते स्वतः चिरून गॅलेनच्या शरीररचनेतल्या चुका छापल्या आणि कोपर्निकसचे पुस्तकही त्याच वर्षी आले. गॅलिलिओ जन्मला १५६४ मध्ये, ओर्ताच्या पुस्तकानंतर दहा महिन्यांनी. हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले १६२८ मध्ये, आणि गंमत अशी की हा हार्वे अॅरिस्टॉटलचा मोठा भक्त होता. पटकीचा जंतू कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने कोलकात्यात पडताळून दाखवला तो १८८४ मध्ये. फारकत व्हायला तीनशे वर्षे लागली. तिची सुरुवात पुष्कळ ठिकाणी अशीच झाली असेल: हे झाड आणि ते झाड एकच आहे का, चला, पाहून येऊ.

ओर्ताने एके ठिकाणी कबूल केले आहे की आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेन आणि ग्रीकांच्या विरुद्ध काही बोलण्याची आपली छाती झाली नसती. गोव्यात ते बोलता आले. विशेष म्हणजे ह्या पुस्तकाला गोव्याच्या धर्मन्यायाधीशाची परवानगी होती. पहिल्याच पानावर तसे छापलेले आहे. गॅलेन चुकला म्हटल्याने १५६३ च्या गोव्यात कोणाचे बिघडत नव्हते.

बिघडत होते ते दुसऱ्याच गोष्टीने. १५४७ मध्ये लिस्बनला ओर्ताच्या बहिणींना धर्मन्यायपीठाने कैद केले होते. सुटल्यावर त्या आणि त्यांची आई गोव्याला त्याच्याकडे आल्या. पण भीती मागोमाग आली. गोव्यात धर्मन्यायपीठ आणावे अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे ज्यांनी केली, त्यांत संत फ्रान्सिस झेवियरही होते. त्यांचे ते पत्र १५४६ चे. हे लिहिताना आम्हांला जड जाते. पण झेवियर ज्या सोझाबरोबर १५४२ मध्ये गोव्याला आले, त्याच सोझाचा वैद्य म्हणून ओर्ता आला होता. एकाच आश्रयदात्याच्या छत्राखाली आलेली ही दोन माणसे. एकाचे अवशेष आपण नमन करून पाहतो, दुसऱ्याच्या अवशेषांचे काय झाले ते पुढे येतेच. गोव्यात धर्मन्यायपीठ सुरू झाले १५६० मध्ये. झेवियर तेव्हा हयात नव्हते.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. जिवंतपणी त्याच्यावर हात पडला नाही. अनेक बडे अधिकारी त्याचे रोगी होते, हे त्याचे कारण असावे. तो गेला आणि त्याची बहीण कातारीना हिला पकडण्यात आले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळले. आरोप असा की ती गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होती. तुरुंगात तिच्याकडून जे वदवून घेतले त्यात भावाचेही नाव होते, तोही मनाने यहुदीच होता, असे. अशा जबान्यांवर किती विसंबावे हे वाचकांनी ठरवावे. आम्ही त्यावर फार वजन ठेवणार नाही. पण मिरीच्या वेलाबद्दल, हिंगाच्या वासाबद्दल, आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे इतक्या मोकळेपणाने लिहिणारा हा माणूस आपण कोण आहोत, घरात कोणती प्रार्थना म्हणतो, ह्याबद्दल आयुष्यभर एक ओळ लिहू शकला नाही. आमच्या दृष्टीने ही त्याच्या चरित्रातली सर्वांत दुःखाची गोष्ट आहे, आणि ती ग्रीकांमुळे घडली नाही.

४ डिसेंबर १५८० रोजी ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाहीरपणे जाळली. तेव्हा त्याला मरून बारा वर्षे झाली होती.

पुस्तक मात्र हाताबाहेर गेले होते. १५६४ मध्ये क्लूसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिस्बनला आला असताना एक प्रत त्याच्या हाती लागली. त्याने तिचा लॅटिन सारांश केला आणि १५६७ मध्ये अँटवर्पला छापला. रुआनो आणि त्याचे वाद त्याने काढून टाकले, माहिती तेवढी ठेवली. पंडितांना हवे होते ते लॅटिनमध्ये मिळाले आणि त्यानंतर अनेक पिढ्या युरोप आपल्या मसाल्यांबद्दल ओर्ताकडूनच शिकला. गोव्याचे धर्मन्यायपीठ १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती माणसांनी केलेल्या जुलमाबद्दल आणि यहुदी लोकांविरुद्ध केलेल्या पापांबद्दल परमेश्वराकडे जाहीर क्षमा मागितली. ओर्ता लिस्बनहून निघाला ती तारीखही १२ मार्चच होती. हा निव्वळ योगायोग, पण आमच्या लक्षात राहिला.

पणजीला आपल्या निष्कलंक मातेच्या चर्चच्या पायऱ्या उतरल्या की समोर जी बाग लागते, ती त्याच्या नावाने आहे. थडगे कोठेच नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या मुलाला असेच देऊ. पुस्तकाला परवानगी देणारे हात ख्रिस्तसभेचे होते आणि हाडे जाळणारेही. दोन्ही तारखा त्याने वहीत लिहून घ्याव्यात.

पनवेलकरांना औषधी झाडपाल्याचे नवल नाही. १८७२ सालापासून धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधे आपल्याच गावात तयार होत आली आहेत. तरीही पावसाळा सरल्यावर दृढीकरणाच्या वर्गाची सहल घारापुरीला न्यायचे ठरले आहे. ओर्ता भारतात आला तेव्हाच ती लेणी त्याने पाहिली होती. शिल्पे पाहून तो थक्क झाला, ती पाहण्यासारखी आहेत असे त्याने लिहिले, आणि त्याच दमात ती सैतानाची करामत ठरवली. गुरे आत शिरून नासधूस करतात ही तक्रारही त्याने केली. मुलांनी तेथे जाऊन पाहावे आणि आपापले मत लिहून आणावे. होडी उरणच्या मोरा बंदरातून घ्यायची आहे. नावे मिस्सेनंतर चर्चच्या कार्यालयात द्यावीत.

आपले धर्मगुरू